गुलाबाला खत कधी, कोणतं आणि किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या बागेतल्या गुलाबांबद्दल सर्वांत जास्त प्रश्न खताचेच येतात. ते साहजिक आहे, कारण गुलाब भुकेलं झाड आहे हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. माझा इतक्या वर्षांचा अनुभव मात्र असा, की उपाशी राहून मेलेले गुलाब मी फार थोडे पाहिले. नको तेव्हा, नको तितकं खाऊ घातल्यामुळे गेलेले पुष्कळ पाहिले. खालची उत्तरं वाचताना एवढी एक गोष्ट ध्यानात असू द्या.

गुलाबाला खरंच इतर झाडांपेक्षा जास्त खत लागतं का?

पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या जातींना लागतं. हायब्रिड टी, फ्लोरिबंडा, मिनिएचर या जाती एका बहरानंतर सहा ते आठ आठवड्यांत पुढचा बहर धरतात. दर वेळी नवी फांदी, नवी पानं, कळी, फूल असा सगळा संसार उभा करायचा आणि आपण ते फूल कापून नेणार, वर छाटणीत अर्धी फांदीही नेणार. मातीतून गेलेलं परत यायला हवंच. वर्षातून एकदाच फुलणारे जुने गुलाब आणि बरेचसे रानगुलाब मात्र समाधानी असतात. त्यांना हंगामाच्या सुरुवातीला कुजलेलं खत एकदा मिळालं की पुरे. तुमच्याकडचा गुलाब कोणत्या गटातला आहे हे आधी पाहा.

पिशवीवरच्या तीन आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा नत्राचा (नायट्रोजन), दुसरा स्फुरदाचा (फॉस्फरस), तिसरा पालाशचा (पोटॅशियम), आणि तिन्ही टक्क्यांत. १९:१९:१९ लिहिलेल्या विद्राव्य खताच्या १०० ग्रॅममध्ये तिन्ही प्रत्येकी १९ ग्रॅम धरले जातात. युरियावर ४६:०:० असतं, म्हणजे निव्वळ नत्र. डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) १८:४६:०, म्हणजे स्फुरदाचा मोठा डोस आणि पालाश शून्य.

नत्राने पानं आणि फांद्या वाढतात. स्फुरद मुळांना आणि झाडाच्या आतल्या ऊर्जेच्या देवाणघेवाणीला लागतं. पालाशने पाण्याचा ताण सोसण्याची ताकद येते, फांदी कणखर होते, फुलाचा देठ धरतो.

आता सर्वत्र पसरलेला एक समज: फुलं हवीत तर स्फुरद भरपूर द्या. मला हा सल्ला पटत नाही. स्फुरद मातीत जागचा हलत नाही, वर्षानुवर्षं साठत जातो. तो फार साठला की झाडाला लोह आणि जस्त घेणं अवघड होतं, आणि मुळांशी भागीदारी करून त्यांना अन्नपाणी पुरवणारी मायकोरायझा बुरशीही मागे हटते. फुलांसाठी म्हणून ओतलेलं खतच पानं पिवळी करतं. तिन्ही आकडे जवळपास सारखे असलेलं, किंवा पालाश थोडा जास्त असलेलं खत घरच्या गुलाबाला उत्तम.

नवीन रोप आणलंय. लावताना खत घालू का?

कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत मातीत मिसळा, एकूण मिश्रणाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. रासायनिक खताचा एक दाणाही नको. लावणीच्या वेळी मुळांची टोकं तुटलेली असतात. अशा उघड्या जखमांवर खतातले क्षार गेले तर नवी पांढरी मुळं फुटण्याआधीच करपतात. चार ते सहा आठवडे थांबा. नवे फुटवे आले, त्यांची पानं उलगडून पक्की झाली, की अर्ध्या मात्रेने सुरुवात करा. पुष्कळ जण तर पहिला बहर येऊन गेल्यावरच खत सुरू करतात, आणि त्यात त्यांचं काही बिघडत नाही.

वर्षभरात खत नेमकं कधी कधी द्यायचं?

कॅलेंडरपेक्षा झाडाकडे पाहून ठरवा. छाटणी केल्या केल्या देऊ नका, कारण पानं नसलेलं झाड फारसं खात नाही. डोळे (फांदीवरचे अंकुर) फुटून धुमारे बोटभर लांब झाले की पहिली मात्रा. कळ्या वाटाण्याएवढ्या दिसू लागल्या की दुसरी, थोडी हलकी. बहर ओसरला, सुकलेली फुलं पाच छोट्या पानांच्या (पर्णिकांच्या) पानावरच्या डोळ्यापर्यंत कापली, की पुन्हा एकदा. दर बहराला हेच चक्र.

थांबायचं कधी, हे विचारणारे थोडे असतात, पण ते तितकंच महत्त्वाचं आहे. जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं तिथे पहिल्या गोठणाऱ्या थंडीच्या सहा ते आठ आठवडे आधी नत्र बंद करा. नाहीतर उशिरा फुटलेले कोवळे धुमारे त्या थंडीत काळे पडतात आणि सोबत फांदीही नेतात. उन्हाची काहिली असते तेव्हाही हात आखडता घ्या. त्या दिवसांत झाड जीव धरून उभं असतं. त्याला पाणी आणि मुळाशी आच्छादन द्या, खत नको.

शेणखत, गांडूळखत, कंपोस्ट: यातलं चांगलं कोणतं?

जे पूर्ण कुजलेलं आहे ते. हातात घेतल्यावर भुसभुशीत लागलं पाहिजे, पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास आला पाहिजे. नाकात झिणझिण्या आणणारा अमोनियाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. ढिगाला ओलं ठेवून आणखी काही महिने कुजू द्या. कच्चं शेण मुळाशी टाकलं तर ते तिथेच तापतं, मुळं भाजतात, शिवाय हुमणीसारख्या किडींना आयतं घर मिळतं.

जमिनीतल्या वाढलेल्या झाडाला छाटणीनंतर एक छोटं घमेलं शेणखत किंवा कंपोस्ट आळ्यात पसरा. बारा इंची कुंडीला दीड-दोन महिन्यांनी दोन ओंजळी गांडूळखत पुरतं. यातलं पोषण टक्केवारीत पाहिलं तर फार कमी असतं. त्याची खरी कमाई वेगळीच आहे: माती पाणी धरू लागते, हवा खेळू लागते, आणि पुढे दिलेलं कोणतंही खत वाहून न जाता झाडाच्या हाती लागतं.

पेंड कशी वापरायची? कुंडीत टाकली तर बुरशी येते.

अख्खी पेंड वर टाकली की बुरशी आणि मुंग्या येणारच. निंबोळी पेंड भुकटी करून मातीच्या वरच्या थरात मिसळा आणि वर माती किंवा पाचोळा ओढा. बारा इंची कुंडीला मूठभर, दोन महिन्यांतून एकदा. तिच्यातला नत्र सावकाश सुटतो आणि मातीतल्या सूत्रकृमींनाही (मुळांना त्रास देणारे सूक्ष्म कृमी) आळा बसतो.

मोहरीची किंवा शेंगदाण्याची पेंड भिजवून द्यायची असेल तर १०० ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात चार-पाच दिवस ठेवा, रोज ढवळा, गाळा आणि दहापट पाणी घालून मगच ओता. रंग फिक्या चहासारखा दिसला पाहिजे. वास येतो, तो दोन दिवसांत जातो. इथे एक कळकळीची विनंती: गडद दिसतंय म्हणजे ताकदीचं आहे असं समजून पाणी कमी घालू नका. सशक्त, कळ्यांनी लगडलेलं झाड घट्ट पेंडपाण्याने चार दिवसांत मान टाकताना मी पाहिलं आहे.

बोनमील घातलं की फुलं वाढतात का?

मातीवर अवलंबून आहे. हाडांच्या चुऱ्यातला स्फुरद आम्लधर्मी मातीतच विरघळतो. सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) सातच्या वर असेल तर तो तसाच पडून राहतो आणि त्याच्या वासाने कुत्री माती उकरतात, एवढाच परिणाम दिसतो. आम्लधर्मी मातीत लावणीच्या वेळी खड्ड्याच्या तळाशी मूठभर मिसळायला हरकत नाही. दर महिन्याला वर भुरभुरण्यात अर्थ नाही.

केळीची साल, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा?

सगळं उपयोगी आहे, पण कंपोस्टच्या ढिगात. केळीच्या सालीत पालाश असतो, नत्र अगदी थोडा. साल पाण्यात दोन दिवस ठेवून ते पाणी दिलं तर थोडा पालाश उतरतो, पण त्याला पूर्ण खत समजू नका. महिनोन्‌महिने तेवढ्यावर ठेवलेल्या झाडाची पानं फिकट होत जातात. टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ठेचून टाकली तरी विरघळायला वर्षं लागतात, पीठासारखी बारीक केली तर थोडी लवकर, आणि ती सामू वर नेतात हेही लक्षात घ्या. चहाचा चोथा धुऊन, साखर-दुधाचा अंश काढून, वाळवून मगच वापरा.

एप्सम सॉल्टची एवढी ख्याती का आहे?

कारण ज्या झाडाला मॅग्नेशियम कमी पडलेलं असतं त्याच्यावर त्याचा परिणाम पटकन दिसतो आणि ती गोष्ट सगळीकडे पसरते. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यात साधारण १० टक्के मॅग्नेशियम आणि १३ टक्के गंधक असतं. नत्र, स्फुरद, पालाश काहीच नाही. हलक्या, वाळूमिश्रित मातीत किंवा सतत पाणी झिरपणाऱ्या कुंडीत मॅग्नेशियम खरंच धुऊन जातं. तिथे एका लिटरला ३-४ ग्रॅम घालून मुळाशी ओता, हंगामात दोन-तीनदा. जिथे कमतरता नाही तिथे ते घातलं तर कॅल्शियम आणि पालाश शोषायला अडथळा येतो. दर पंधरवड्याला सवयीने देणाऱ्यांनी ते थांबवावं, असं मी मनापासून सांगेन.

पानं पिवळी पडताहेत. काय कमी पडतंय?

आधी कोणती पानं ते पाहा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या आत फिरू शकतात. टंचाई आली की झाड जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून लक्षण खालच्या पानांवर दिसतं. लोह असं हलवता येत नाही. ते कमी पडलं की शेंड्याची नवी पानंच पिवळी निघतात.

खालचं अख्खं पान सारखंच फिकट होत गेलं, झाडाची वाढ खुंटली, नवी पानं लहान निघाली तर नत्र कमी. खालच्या पानाच्या शिरा हिरव्या पण मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. खालच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या तर पालाशची शंका घ्या. पण क्षार साठल्यावरही कडा अशाच करपतात, तेव्हा आधी कुंडीच्या काठावर पांढरा थर आहे का ते बघा. शेंड्याची पानं पिवळी आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी, हे लोहाचं लक्षण. पिवळ्या पानावर कडा फाटल्यासारखे काळे ठिपके असतील तर खताचा काही संबंध नाही, तो काळ्या ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग आहे.

आणि या सगळ्याच्या आधी मातीत बोट घाला. दोन पेरं खाली चिखल लागला तर मुळं गुदमरलेली आहेत. मुळं श्वास घेत नसतील तर मातीत सगळं असूनही झाड उपाशी राहतं. अशा झाडाला खत म्हणजे पोट बिघडलेल्याला पंगतीला बसवणं. आधी निचरा सुधारा, माती वाळू द्या.

लोह घातलं तरी पानं पिवळीच. असं का?

बहुतेक वेळा मातीत लोह असतं, ते झाडाला मिळत नसतं. गुलाबाला सामू ६ ते ६.५ सर्वांत मानवतो, सातपर्यंत तो चालवून घेतो. त्याच्या वर गेलं की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. चुनखडीची जमीन, कुंडीत पडलेलं सिमेंटचं पाणी, वर्षानुवर्षं दिलेलं जड पाणी, यांतलं काहीही कारण असू शकतं. साधं फेरस सल्फेट अशा मातीत लगेच निकामी होतं. चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं) घ्या, आणि तेही पाकिटावर वाचून: ईडीटीए प्रकारचं सामू साडेसहाच्या वर टिकत नाही, डीटीपीए साडेसातपर्यंत चालतं, ईडीडीएचए त्याच्याही वर काम करतं. सोबत कुजलेलं कंपोस्ट भरपूर घाला. गंधक भुकटीने सामू उतरतो, पण ते काम जिवाणू करतात आणि त्याला महिने लागतात. घाई करून मात्रा वाढवू नका.

माती तपासणी एकदा करून घ्याच. वर्षानुवर्षांचा अंदाजाचा खेळ त्या एका कागदाने संपतो.

कुंडीतल्या आणि जमिनीतल्या गुलाबाच्या खतात फरक काय?

जमिनीत मुळं लांब जाऊन शोधू शकतात, कुंडीत त्यांच्या वाट्याला मूठभर माती असते आणि रोजच्या पाण्यासोबत तळातून पोषण वाहून जातं. म्हणून कुंडीला थोडं थोडं आणि वारंवार. वाढीच्या दिवसांत दहा-पंधरा दिवसांनी एका लिटरला एक ते दोन ग्रॅम विद्राव्य खत, सूक्ष्म अन्नद्रव्यं असलेलं असल्यास उत्तम. महिन्यातून एकदा खताऐवजी नुसतं पाणी तळातून वाहेपर्यंत द्या, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. दोन-तीन वर्षांनी माती बदला. जुन्या, दगडासारख्या झालेल्या मातीवर खताचा कितीही मारा करा, फरक पडत नाही.

दाणेदार खत टाकायची पद्धत काय?

आदल्या दिवशी पाणी द्या. कोरड्या मातीत खत कधीही नको. हा नियम मी एकदाही मोडत नाही. खोडापासून वीतभर लांब, फांद्यांच्या घेराखाली गोलाकार पसरा, कारण अन्न घेणारी बारीक मुळं तिथे असतात, खोडापाशी नसतात. खुरप्याने इंचभर माती हलवून त्यात मिसळा, मुळं दुखावतील इतकं खोल नको. मग पुन्हा पाणी. युरिया उघडा पडला तर त्यातला नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो, म्हणून तो झाकणं जास्तच गरजेचं. शेवटी पाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन द्या, पण खोडाला टेकवू नका.

पानांवर खत फवारलं तर चालेल?

पूरक म्हणून. लोह, जस्त यांसारख्या द्रव्यांची तातडीची कमतरता भरून काढायला फवारणी चांगली, कारण ती थोडीच लागतात. पूर्ण पोषण मात्र पानांतून होत नाही. सकाळी लवकर फवारा, पानांच्या खालच्या बाजूलाही, म्हणजे ऊन चढण्याआधी पानं सुकतील. संध्याकाळी फवारून रात्रभर पानं ओली ठेवली तर काळ्या ठिपक्यांना आमंत्रण मिळतं. उमललेल्या फुलांवर थेंब पडू देऊ नका, पाकळ्यांवर डाग राहतात.

खत जास्त झालं. झाड वाचेल का?

लवकर लक्षात आलं तर बहुधा वाचतं. वर दिसणारे दाणे माती खरवडून काढा. कुंडी असेल तर कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट पाणी सावकाश ओता आणि तळातून निथळू द्या. निचरा तुंबलेला असेल तर आधी भोक मोकळं करा. कुंडी काही दिवस सावलीत ठेवा. करपलेली पानं गळतील, त्याने घाबरू नका. फांदी नखाने खरवडल्यावर आत हिरवी दिसते तोवर आशा आहे. पुढचे दोन महिने खताचं नाव नको.

झाड हिरवंगार आहे पण फूल नाही.

नत्र जास्त झालंय ही पहिली शक्यता. जवळच्या लॉनच्या गवताला खत पडत असेल तर तेही गुलाबाची मुळं ओढून घेतात. पण त्याआधी ऊन मोजा. सहा तास थेट ऊन नसेल तर कोणतंही खत फूल आणू शकत नाही.

तिसरी शक्यता अनेकांच्या लक्षातच येत नाही. कलमाच्या गाठीखालून खुंटाचा (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलं त्याचा) फुटवा येतो, जोमाने वाढतो आणि सगळं खत तोच खातो. सात पानांचा तो रानटी आणि पाच पानांचा तो खरा, ही खूण भरवशाची नाही. बऱ्याच चांगल्या जातींनाही सात पानं येतात. माती बाजूला करून फुटवा कुठून निघालाय ते पाहा. गाठीच्या खालून असेल तर वरून कापू नका, मुळापाशी धरून ओढून काढा. कापलेला पुन्हा फुटतो.

मावा आणि भुरीचा खताशी संबंध आहे का?

आहे. जास्त नत्राने आलेली लुसलुशीत, रसदार वाढ माव्याला (रस शोषणारी कीड) फार आवडते आणि भुरीही (पानांवरची पांढरी बुरशी) तिथेच आधी धरते. दर हंगामात मावा येत असेल तर औषधाच्या आधी युरियाचा डबा बाजूला ठेवून पाहा.

लाकडाची राख टाकावी का?

माती आम्लधर्मी असेल तर वर्षातून मूठभर. तिच्यात पालाश आणि चुना असतो. सामू सातच्या वर असेल तर अजिबात नको. रंगवलेल्या किंवा प्लायच्या लाकडाची राख कधीच नको.

सेंद्रिय की रासायनिक?

मूळ शोषतं तो नायट्रेट (नत्राचं एक रूप) शेणखतातून आला की पिशवीतून, हे मुळाला कळत नाही. मातीला मात्र कळतं. पिशवीतलं खत मातीतल्या जिवांना खाऊ घालत नाही, आणि नुसत्या शेणखतावर कुंडीतला सतत फुलणारा हायब्रिड टी बहुतेकदा अर्धपोटी राहतो. माझ्याकडे पाया सेंद्रिय असतो आणि कळ्या धरताना विद्राव्य खताची हलकी जोड. पूर्ण सेंद्रिय ठेवायचं असेल तर तेही जमतं. फक्त खत द्यायची तयारी बहराच्या महिनाभर आधी सुरू करा, कारण जिवाणूंना त्यांचा वेळ लागतो आणि माती थंड असेल तर तो आणखी वाढतो.

पंधरा दिवस बाहेर जायचंय. जाण्याआधी खत देऊन जाऊ का?

नको. पाण्यात एक दिवस खंड पडला तरी कोरड्या होत गेलेल्या मातीत तेच खत तीव्र होऊन मुळं जाळेल. भरपूर पाणी द्या, जाड आच्छादन घाला, कुंड्या दुपारच्या उन्हातून हलवा, उमललेली फुलं आणि मोठ्या कळ्या कापून कोणाला तरी देऊन टाका. खत परत आल्यावर, माती एकदा नीट भिजवून झाली की दुसऱ्या दिवशी.